लिफ्ट केलेल्या जिम्नीवर २३५/७५ आर १५: योकोहामा जिओलँडर ए/टी जी०१५

मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी २०२३ साली भारतात विक्रीला आली, तेव्हापासून ही गाडी घेणाऱ्यांना पहिला प्रश्न पडतो तो टायरचा. कंपनीकडून येणारा १९५/८० आर १५ (रुंदी १९५ मिलिमीटर, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत रुंदीच्या ८० टक्के उंच, रिम १५ इंचांची) हा टायर रुंदीला बारीक आणि नक्षीने डांबरी रस्त्यासाठी बनवलेला आहे. शिडीसारखी भक्कम चासी, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि लो-रेंजचा (कमी वेगात जास्त जोर देणारा) गिअर एवढे सगळे असलेली ही गाडी अशा टायरवर चिखलात अडकलेली पाहिली की मालकाला मोठा टायर हवासा वाटणे साहजिक आहे. इथे मी योकोहामाच्या जिओलँडर ए/टी जी०१५ या टायरविषयी लिहीत आहे, आणि तेही २३५/७५ आर १५ या मापात, सुमारे दोन इंच लिफ्ट केलेल्या, म्हणजे उंच स्प्रिंगा घालून वर उचललेल्या, जिम्नीवर बसवलेल्या. माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्या घाटमाथ्यावर, कोकणात आणि देशावरच्या कच्च्या वाटांवर वर्षभर वापरायचा असेल तर हा टायर मनापासून शिफारस करण्यासारखा आहे. मात्र हे माप जिम्नीसाठी शेवटची पायरी आहे. त्याच्याबरोबर रिम, लॅटरल रॉड (चाकांचा दांडा चासीला जोडणारी आडवी सळई) आणि कॅस्टर (स्टिअरिंगला सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा कल) यांची कामे पूर्ण करण्याची तयारी नसेल, तर २१५/७५ आर १५ घ्यावा आणि लिफ्टचा विचार सोडून द्यावा.

मोठ्या टायरने नेमके काय मिळते, हे आधी आकड्यांत पाहणे आवश्यक आहे, कारण दुकानात बोलणे बहुधा दिसण्यावरच होते. कंपनीच्या १९५/८० आर १५ टायरचा व्यास हिशेबाने ६९३ मिलिमीटर येतो, २१५/७५ आर १५ चा ७०३.५ आणि २३५/७५ आर १५ चा ७३३.५ मिलिमीटर. व्यासातल्या वाढीच्या निम्मी वाढ अ‍ॅक्सलखाली मिळते. म्हणजे २१५ च्या टायरने जेमतेम पाच मिलिमीटर आणि २३५ च्या टायरने वीस मिलिमीटर. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर आहे आणि अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत जमिनीला सर्वांत जवळ असतो तो डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरचा, गोळा. त्याच्याखाली आणखी वीस मिलिमीटर मिळणे म्हणजे बैलगाडीच्या खोल चाकोऱ्यांमधला उंचवटा गोळ्याला घासतो की त्याच्याखालून निघून जातो, एवढा प्रत्यक्ष फरक आहे.

लिफ्ट किटने हे वीस मिलिमीटर मिळत नाहीत. स्प्रिंगा उंच केल्या की चासी आणि बॉडी वर जाते, पण अ‍ॅक्सल चाकांच्या मधोमधच राहतो आणि त्याची जमिनीपासूनची उंची तसूभरही बदलत नाही. ही गोष्ट अनुभवी मेकॅनिकला ठाऊक असते, तरी गिऱ्हाईकाला ती क्वचितच सांगितली जाते. लिफ्टचे खरे उपयोग दोन. एक म्हणजे मोठ्या टायरला चाकाच्या कमानीत वर-खाली व्हायला जागा मिळते. दुसरा उपयोग पाच दारांच्या जिम्नीला विशेष लागू आहे. या गाडीचा व्हीलबेस २५९० मिलिमीटर आहे, तीन दारांच्या मूळ जिम्नीचा २२५० मिलिमीटर, आणि या लांबीमुळे उंचवट्यावर पोट टेकण्याचा कोन २८ अंशांवरून २४ अंशांवर आला आहे. बांध ओलांडताना किंवा नाल्याच्या काठावरून वर चढताना पाच दारांची गाडी मधोमध टेकते, ते याच कारणाने. तिथे चासीला मिळालेली दोन इंचांची उंची खरोखर उपयोगी पडते. म्हणून माझा आग्रह असा की टायर आधी ठरवावा आणि त्याला जेवढी लागेल तेवढीच उंची नंतर द्यावी. किट आधी बसवून मग त्याच्या कमानीत काय मावेल ते शोधत बसणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या गाड्या बहुधा गरजेपेक्षा उंच असतात. उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो, आणि आडव्या उतारावर गाडी कलंडण्याची भीती वाढते.

मापांच्या पर्यायांत २१५/७५ आर १५ चा मोठा गुण असा की बोलेरोचे माप तेच आहे, त्यामुळे तालुक्याच्या कोणत्याही बऱ्या टायरच्या दुकानात त्या मापाचा काही ना काही टायर हमखास मिळतो. दूरच्या प्रवासात टायर फाटला तर ही सोय लाखमोलाची ठरते. २३५/७५ आर १५ हे सुरुवातीच्या स्कॉर्पिओचे माप असल्यामुळे तेही अगदी अनोळखी नाही, मात्र त्यात हव्या त्या नक्षीचा टायर मिळवायला शहरातले दुकान गाठावे लागते. याच्याही पुढे जाऊन ३१ इंच उंचीचा आणि साडेदहा इंच रुंदीचा टायर जिम्नीला बसवणारे आहेत. त्यासाठी बंपर आणि कमानी कापाव्या लागतात आणि इंजिन सतत दमलेले राहते. स्पर्धेसाठीच ठेवलेल्या गाडीला ते शोभत असेल, पण ज्या गाडीने आठवडाभर कामावर जायचे आणि शनिवारी घाट चढायचा, तिला नाही.

आता रिमविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या विषयातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. जिम्नीच्या मूळ रिमची रुंदी साडेपाच इंच आहे. २१५/७५ आर १५ टायरला साडेपाच ते सात इंचांची रिम चालते, म्हणून तो मूळ रिमवर नियमात बसतो. २३५/७५ आर १५ ला मात्र किमान सहा इंचांची रिम लागते आणि साडेसहा ते सात इंचांवर तो सर्वांत चांगला बसतो. साडेपाच इंचांच्या रिमवर तो चढत नाही असे नाही. यंत्रावर तो चढतो, त्यात हवा भरते, गाडीही चालते, आणि म्हणूनच बरेच दुकानदार “साहेब, आरामात बसतो” असे सांगून मोकळे होतात. पण अरुंद रिमवर टायरच्या दोन्ही कडा एकमेकींकडे ओढल्या जातात, मधला भाग फुगतो, रस्त्याला मधलाच पट्टा टेकतो आणि झिजतो, वळणावर साइडवॉल डगमगते, आणि चिखलात हवा कमी केल्यावर टायर रिमवरून निसटण्याचा धोका वाढतो. मोठा टायर घ्यायचा तो हवा कमी करून वापरण्यासाठी, आणि त्याच वेळी तो कमी भरवशाचा ठरावा, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. त्यामुळे २३५ च्या टायरचा खर्च मांडताना पाच टायरांबरोबर पाच रिमाही धराव्यात.

रिम निवडताना जिम्नीचे पाच बोल्टचे १३९.७ मिलिमीटरचे वर्तुळ जिप्सीशी जुळते, म्हणून जिप्सीच्या जुन्या रिमा स्वस्तात मिळतात. परंतु मधले भोक आणि ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून बोल्टांची बैठक किती आत-बाहेर आहे ते अंतर) मोजल्याशिवाय त्या घेऊ नयेत. जिम्नीच्या मूळ रिमचा ऑफसेट अधिक ५ मिलिमीटर आहे. टायर रुंद झाला की स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तो आतल्या बाजूने पुढच्या रेडियस आर्मला (चाकांचा दांडा चासीला लांबीने जोडणाऱ्या भुजेला) घासू लागतो, आणि ते टाळण्यासाठी ऑफसेट शून्याच्या आसपास किंवा किंचित उणे घेतात. इथेही हात आखडता ठेवावा. चाक जितके बाहेर जाते तितका बेअरिंगवर आणि किंगपिनवर (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळते त्या खिळीवर) ताण वाढतो, स्टिअरिंगला खड्ड्यांचे हिसके बसतात, वळताना टायरची कड पुढच्या बंपरच्या कोपऱ्याला लागते, आणि मडगार्डाच्या बाहेर आलेला टायर पावसात सगळा चिखल दारांवर उडवतो. सात इंच रुंदीची आणि शून्याच्या जवळपास ऑफसेटची रिम हा मला सर्वांत समतोल पर्याय वाटतो.

आता प्रत्यक्ष टायर. जिओलँडर ए/टी जी०१५ हा योकोहामाने २०१६ साली आणलेला ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा, टायर आहे. त्याच्या नक्षीत मधले ब्लॉक दाटीने बसवलेले असून प्रत्येक ब्लॉकवर पातळ, नागमोडी चिरा आहेत, आणि खांद्याकडचे ब्लॉक साइडवॉलवर थोडे खाली उतरले आहेत. या बारीक चिरांचे काम पावसाळ्यात कळते. ओल्या डांबरावर पाण्याचा पातळ थर असतो. चिरांच्या कडा तो थर कापतात आणि रबराला रस्ता सापडतो. ताम्हिणी किंवा वरंध घाटात जुलैच्या पावसात, रस्त्यावर वाहणारे पाणी, गळून पडलेला पाला आणि वळणावळणावर साचलेली बारीक खडी अशा अवस्थेत ब्रेक लावताना हा टायर जो विश्वास देतो तो मड-टेरेन (खास चिखलासाठीचा) टायर देऊ शकत नाही. मड-टेरेन टायरचे ब्लॉक मोठे आणि एकमेकांपासून दूर असतात. त्यामुळे डांबराला टेकणारे रबर कमी, त्यावर चिरा कमी आणि ब्रेक लावल्यावरचे अंतर जास्त. रविवारी चिखल तुडवायला जाणारा माणूससुद्धा त्या चिखलापर्यंत डांबरावरूनच जातो आणि थकून परत येतो तोही डांबरावरूनच. टायर निवडताना या अंतराचा विचार मनापासून करावा, कारण अपघात होतात ते बहुतेक तिथेच.

ओल्या कातळावरही मला ऑल-टेरेन टायरच उजवा वाटतो. सह्याद्रीतला बेसाल्ट कोरडा असताना कोणत्याही टायरला धरून ठेवतो, पण पावसाळ्यात त्यावर शेवाळाची पातळ साय येते आणि मग मोठ्या ब्लॉकच्या टायरची मोजकी टोके त्यावरून सटकतात. हवा कमी केलेला, मऊ साइडवॉलचा आणि चिरांनी भरलेला टायर दगडावर पसरतो, त्याच्या उंचसखलपणात रुततो आणि गाडी हळूहळू वर चढते. नदीपात्रातल्या गोट्यांवरही असेच. कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या वाटा उन्हाळ्यात सुट्या खड्यांच्या असतात आणि पावसात वरवर निसरड्या होतात, पण खाली बहुतेक ठिकाणी टणक थर असतो. वरचा चिखल बाजूला सारून चाक खालच्या थरापर्यंत पोहोचले की काम झाले, आणि तेवढे हा टायर सहज करतो.

हा टायर हरतो तो काळ्या मातीत. देशावरची कापसाची काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि दाट नक्षीच्या खाचांत अशी घट्ट बसते की दोन-तीन फेऱ्यांतच टायर गुळगुळीत रुळासारखा होतो. मग चाके जागच्या जागी फिरतात आणि गाडी शेताच्या बांधाकडे सरकत राहते. मड-टेरेन टायरच्या रुंद खाचा चाक वेगाने फिरले की माती झटकून टाकतात आणि टायर पुन्हा धरायला लागतो. सोलापूर, परभणी, लातूरकडे ज्यांचा पावसाळ्यात शेतापर्यंत नित्य जाण्यायेण्याचा संबंध आहे, त्यांनी ऑल-टेरेनचा मोह सोडावा आणि आवाज, इंधन व ओल्या डांबरावरची कमजोरी स्वीकारून मड-टेरेनच घ्यावा. बाकीच्यांना, म्हणजे पुणे, नाशिक, कोल्हापूर, मुंबई आणि गोव्यातल्या बहुतेक जिम्नीवाल्यांना, तशी गरज पडत नाही.

चिखलाचा विषय निघाला आहे म्हणून एक गोष्ट तळमळीने सांगतो. पश्चिम घाटातले आणि कोकणातले सडे, कासपासून रत्नागिरी-सिंधुदुर्गापर्यंतची जांभ्याची पठारे, वरून ओसाड दिसली तरी पावसाळ्यात त्यांच्यावर बोटभर मातीत दुर्मीळ वनस्पती उगवतात. कास तर २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाच्या स्थळांपैकी एक आहे. मोठ्या नक्षीचे एक चाक तिथे गरगरले तरी मातीचा तो थर निघून जातो आणि पुन्हा तयार व्हायला फार काळ लागतो. टायर कितीही चांगला असला तरी सड्यावर गाडी घालू नये. असलेल्या वाटेवरच राहावे.

जी०१५ च्या साइडवॉलवर तीन शिखरे आणि हिमकण असे चिन्ह असते. बर्फात टायर विशिष्ट पातळीची पकड देतो, याची ती खूण आहे. महाराष्ट्रात तिचा काही उपयोग नाही, पण हिवाळ्यात स्पिती किंवा लडाखला जाणाऱ्यांना आहे. बर्फासाठीच्या कसोटीला उतरलेले रबर थंडीत कडक होत नाही, हा त्यातला खरा लाभ. आवाजाच्या बाबतीत ऑल-टेरेन वर्गात हा टायर शांत आहे. द्रुतगती महामार्गावर हलका गुणगुणता सूर येतो, पण बोलणे थांबवावे लागत नाही. नक्षी झिजत जाईल तसा हा सूर वाढतो आणि टायर वेळेवर फिरवले नाहीत तर तो लवकर वाढतो.

याच मापात जी०१५ दोन बांधणींत बनतो, एक साधी आणि एक एलटी म्हणजे हलक्या ट्रकसाठीची. दुकानदार बहुधा एलटी पुढे करतो, “जाड असतो, फाटत नाही” म्हणून. जिम्नीसाठी मी तो घेऊ नये असेच सांगेन. या गाडीचे वजन सुमारे बाराशे किलो आहे. कंपनीच्या टायरचा लोड इंडेक्स ९६ आहे, म्हणजे एक टायर ७१० किलो पेलतो, आणि चार मिळून गाडीच्या माणसा-सामानासह होणाऱ्या वजनापेक्षा कितीतरी जास्त. एलटी टायरची जाड साइडवॉल दुप्पट वजनाच्या गाड्यांसाठी असते. हलक्या गाडीखाली ती वाकतच नाही, त्यामुळे हवा कमी केली तरी टायर पसरत नाही, आणि पसरला नाही तर मोठ्या टायरचा निम्मा फायदा वाया जातो. शिवाय त्याचे वजन चाकाशी, म्हणजे स्प्रिंगांच्या खाली, वाढते. कच्च्या रस्त्यावर अ‍ॅक्सल उड्या मारू लागतो आणि शॉकअब्सॉर्बर लवकर थकतात. दुकानात काटा असेल तर दोन्ही बांधणींचे टायर तोलून पाहावेत. धारदार दगडांनी साइडवॉल कापण्याची भीती ज्यांना सतत आहे त्यांच्यासाठी एलटी ठीक. बाकीच्यांनी साधी बांधणी घ्यावी आणि खडकाळ वाटेवर चाक कुठे पडते याकडे लक्ष द्यावे.

हवेच्या बाबतीत दारावरच्या चिठ्ठीतला आकडा मूळ टायरसाठी असतो. मोठा टायर कमी दाबावरही तेच वजन पेलतो, म्हणून डांबरावर त्याच आकड्यापासून सुरुवात करावी आणि नक्षी मधोमध झिजते की कडेला, हे पाहून एक-दोन पीएसआय कमी-जास्त करावे. चिखलात आणि दगडांत साधी बांधणी व सात इंचांची रिम असेल तर १६ ते १८ पीएसआयपर्यंत उतरणे सुरक्षित आहे, वेग मात्र अगदी कमी ठेवून. परत डांबरावर येताना हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर गाडीत असणे हा मोठ्या टायरच्या खर्चाचाच भाग समजावा.

इंजिनाची बाजूही तितकीच स्पष्टपणे मांडली पाहिजे. जिम्नीचे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन १३४ न्यूटन मीटर टॉर्क देते आणि तेही ४००० फेऱ्यांवर. या इंजिनाला टर्बो नाही. चाकाचा व्यास जवळजवळ सहा टक्के वाढला की प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो. मॅन्युअल गाडीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४.४२५, लो-रेंजचे २.००२ आणि अ‍ॅक्सलचे ४.०९ धरून एकूण गुणोत्तर छत्तिसाच्या थोडे वर येते. मोठ्या टायरने ते चौतिसाच्या आसपास असल्यासारखे वागते. लो-रेंजमध्ये हा फरक क्लचवर थोडे अधिक काम टाकून भरून काढता येतो. महामार्गावर पाचव्या गिअरमध्ये खंबाटकीसारखा चढ लागला की मात्र तो नीट जाणवतो, कारण पूर्वी चौथ्यात निघणारा चढ आता कधी कधी तिसरा मागतो. चार गिअरच्या ऑटोमॅटिक जिम्नीत हे जास्त खटकते. ऑटोमॅटिकचे मालक असाल आणि कुटुंबासह लांबचे प्रवास करत असाल तर २१५ च्या पुढे जाऊ नका, असे मी सांगेन.

ब्रेकचेही तेच. पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत तेच राहतात, पण मोठे आणि जड चाक थांबवायला त्यांना अधिक जोर लागतो. लांब उतारावर गिअरचा आधार घेण्याची सवय आधी नसेल तर ती लावून घ्यावी.

स्पीडोमीटर मूळ चाकाच्या हिशेबाने चालतो, त्यामुळे मूळ टायरवर १०० दाखवताना जो खरा वेग असे त्यापेक्षा आता तो सहा टक्के जास्त असतो. कंपन्या स्पीडोमीटर थोडा पुढे ठेवतात हे खरे, पण त्याच्या भरवशावर वेगमर्यादेच्या काठावर चालवू नये. जीपीएसवर एकदा ताडून पाहावे. ओडोमीटर उलट कमी दाखवतो. त्यावर १०,००० किलोमीटर झाले की गाडी प्रत्यक्षात सुमारे १०,५८० चाललेली असते, म्हणून ऑइल बदलण्याचा काळ थोडा अलीकडे आणावा. मोठ्या टायरवर मायलेज पडले अशी तक्रार करणाऱ्यांनीही आधी किलोमीटरचा आकडा १.०५८ ने गुणून मग भागाकार करावा. घट असतेच, पण हा गुणाकार केल्याशिवाय ती आहे त्यापेक्षा बरीच मोठी दिसते.

लिफ्टच्या कामात कुठे काटकसर करू नये, ते आता सांगतो. जिम्नीचे दोन्ही अ‍ॅक्सल आडव्या लॅटरल रॉडने चासीला जोडलेले असतात. गाडी उंच झाली की या रॉडचा कोन बदलतो आणि अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. मग एका बाजूचा टायर कमानीबाहेर आणि दुसरा आत दिसतो. लांबी बदलता येणारा रॉड बसवून हे सरळ करता येते, आणि रुंद टायर असेल तर ते करावेच लागते, कारण आत सरकलेली बाजू घासू लागते. दुसरे म्हणजे कॅस्टर. पुढचा अ‍ॅक्सल रेडियस आर्मवर टांगलेला असल्यामुळे लिफ्टने तो थोडा फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. मग स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही आणि महामार्गावर गाडी इकडे-तिकडे भरकटते. यासाठी वेगळ्या बुशा किंवा रेडियस आर्मच्या ब्रॅकेटा मिळतात. किटमध्ये या नसतील तर किट स्वस्त का आहे ते समजावे. ब्रेकच्या रबरी नळ्या पूर्ण खाली लोंबलेल्या अ‍ॅक्सलपर्यंत ताणल्याविना पोहोचतात का आणि बंप-स्टॉप (वर येणारे चाक अडवणारे रबरी ठोकळे) पुरेसे लांब आहेत का, हे गाडी जॅकवर घेऊन, एक चाक वर व दुसरे खाली करून, आपल्या डोळ्यांनी पाहावे. टायर कमानीला कुठे लागतो ते सपाट जमिनीवर कधीच कळत नाही.

अखंड पुढच्या अ‍ॅक्सलच्या गाड्यांना स्टिअरिंग थडथडण्याचा विकार जडू शकतो. ठरावीक वेगाला एखादा खड्डा लागला की चाके डावी-उजवी जोरजोरात हलू लागतात आणि वेग उतरवेपर्यंत थांबत नाहीत. मोठा टायर हा विकार निर्माण करत नाही, पण ढिले किंगपिन बेअरिंग, झिजलेल्या बुशा किंवा चुकलेला कॅस्टर यांपैकी जे दडलेले असेल ते उघड करतो. शहरातल्या एका दुकानात माझ्यासमोर फक्त स्टिअरिंग डँपर बदलून हा आजार बरा झाल्याचे गिऱ्हाईकाला सांगितले गेले. डँपर लक्षण दाबतो, कारण तसेच राहते. आधी पाचही चाकांचे बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, मग बेअरिंग आणि बुशा, हाच तपासाचा क्रम असला पाहिजे.

कायद्याची बाजू टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधल्या निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए खाली बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लिफ्ट किट विकत घेण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर दावा मागताना लपवलेला बदल फार महाग पडतो. वॉरंटीत असलेल्या गाडीच्या सस्पेन्शनची किंवा स्टिअरिंगची तक्रार कंपनी मान्य करील अशी अपेक्षाही मग ठेवता येत नाही. मूळ रिमवर, लिफ्ट न करता २१५ च्या टायरवर समाधान मानण्याचे हे आणखी एक सबळ कारण आहे.

विकत घेताना टायरच्या साइडवॉलवर ‘DOT’ ने सुरू होणाऱ्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन उत्पादनाचा आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. २३५/७५ आर १५ रोज विकले जाणारे माप नसल्यामुळे दुकानाच्या माळ्यावर जुना माल पडून असू शकतो, आणि पाचही टायरांचे आकडे जवळपासचे असावेत असा हट्ट धरावा. पाच म्हणण्याचे कारण स्टेपनी. गरजेनुसार चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत एका कोपऱ्यावर वेगळ्या व्यासाचे चाक घालून फोर-व्हील ड्राइव्ह लावले तर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीवर) विनाकारण ताण येतो. म्हणून मागच्या दारावरची स्टेपनीही त्याच मापाची असावी. मोठी स्टेपनी बसवल्यावर तिच्या आणि बंपरच्या मध्ये किती फट उरते ते पाहावे, आणि दाराच्या बिजागऱ्यांवर वाढलेले वजन लक्षात घेऊन खाचखळग्यांच्या रस्त्यानंतर बिजागऱ्यांचे बोल्ट तपासावेत. नव्या रिमांच्या नटांना पहिल्या प्रवासानंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळावे. पुढे दर आठ-दहा हजार किलोमीटरला स्टेपनी धरून पाचही टायर फिरवावेत, म्हणजे सगळे एकसारखे झिजतील आणि बदलण्याची वेळ येईल तेव्हा पाचही एकाच वेळी बदलता येतील.